मुदत संपलेला चीफ ऑफिसर

समुद्रात पडल्यावर बुडायचं कसं नाही, हे मला येतं. फक्त ते येणं पाच वर्षं टिकतं. मुदतीच्या शेवटच्या रात्री मी आग विझवू शकतो, उलटी झालेली लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवणारा हवा भरलेला तराफा, सरळ करू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तेव्हा कायद्याच्या लेखी यातलं मला काहीही येत नसतं. रात्रीत नेमकं काय विसरलो, ते आठवत बसतो.

या सगळ्याच्या मुळाशी एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. खलाशांचं आणि अधिकाऱ्यांचं शिक्षण, परवाने आणि वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, यांचे नियम ठरवणारा. १९७८ साली झाला, १९८४ पासून लागू आहे. १९९५ मध्ये तो जवळजवळ नव्यानं लिहिला गेला आणि २०१० साली मनिलात पुन्हा दुरुस्त झाला. प्रत्येक दुरुस्तीत सागरी सुरक्षितता वाढली, हे मी मनापासून मानतो. माझी फाइलही वाढली.

जहाजावर कॅप्टनच्या खालोखाल चीफ ऑफिसर, म्हणजे मी. त्याचा कॅप्टन व्हायचं, म्हणजे मास्टरचं तिकीट, कॅप्टनचा परवाना काढायचा, तर पहिली अट सी टाइमची, समुद्रावर काढलेल्या महिन्यांची. मोठ्या जहाजांसाठी वॉचकीपिंग अधिकारी म्हणून ३६ महिने, किंवा त्यातले १२ महिने चीफ ऑफिसर म्हणून काढले असतील तर २४. यात अवघड काही नाही. समुद्रावर महिने आपोआप जातात, दुसरीकडे जायला त्यांना जागाच नसते. अवघड आहे ते हे महिने जमिनीवरच्या माणसाला पटवणं.

माझ्या सी टाइमच्या एका दाखल्यावर त्या वेळच्या कॅप्टननी असा ठसठशीत शिक्का मारला होता, की तारीख बरोबर त्याच्याखाली गेली. आता तारीख पुन्हा लिहून घ्यायची, तर कॅप्टन निवृत्त. कंपनीनं जहाज विकलेलं. नव्या मालकानं नाव बदललं, झेंडाही बदलला. ज्या जहाजावर मी रात्र रात्र जागलो, ते त्या नावानं जगात कुठेच नव्हतं. परवान्याच्या कचेरीत खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, “मग तुम्ही होतात कुठे?”

वाचवलं आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नंबरानं. हा सात आकडी नंबर जहाजाला एकदा मिळाला, की नाव, मालक, झेंडा काहीही बदललं तरी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. लोखंडाच्या सांगाड्याला ही सोय आहे. त्यात राहणाऱ्या माणसाला मात्र दर खिडकीवर नव्यानं सिद्ध व्हावं लागतं.

मग कोर्स. घरातल्या औषधांच्या डब्यात जशी एक तरी पट्टी कायम मुदत संपलेली सापडते, तसं माझ्या सर्टिफिकेटांचं आहे. परवाना पाच वर्षांचा, मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आगीचं वेगळं, पाण्याचं वेगळं, टँकरचं आणखी वेगळं. या तारखा कधीही एका ओळीत येत नाहीत. एक नवं करून येईपर्यंत दुसरं दम तोडतं.

पोहण्याच्या तलावातला तास मला विशेष प्रिय आहे. कापडाच्या छपराची गोल राफ्ट तिथे मुद्दाम उलटी करून ठेवलेली असते. गॅसच्या बाटलीच्या बाजूनं वर चढायचं, पट्टा धरायचा आणि मागे रेलायचं, की ती सरळ होते. सरळ होताना अंगावर येते, हा पद्धतीचाच भाग आहे. त्याआधी वाऱ्याची दिशा बघायची. बंद हॉलमध्ये वारा नसतो. तरीही सगळे टक्कल पडलेले, पोट सुटलेले अधिकारी एकामागून एक माना वर करून गंभीरपणे वारा बघतात.

थंड पाण्यात जीव टिकवणारा इमर्शन सूट त्यानंतर. कुणाच्याही मदतीशिवाय दोन मिनिटांत घालता यावा, असा नियम आहे. तो घातल्यावर बोटं जाड होतात, हनुवटी दिसेनाशी होते आणि माणसाचा हुद्दाही कळत नाही. आमच्या तुकडीत एका कॅडेटनं मला पाठीवर थाप मारून “चल रे, उडी मार” म्हटलं. मी मारली.

सिम्युलेटरचा, म्हणजे पडद्यावरच्या नकली समुद्राचा, कोर्स कोरडा असतो एवढंच. काचेपलीकडच्या खोलीत शिक्षक कळफलक घेऊन बसतात आणि त्यांना कंटाळा आला की समुद्रात काहीतरी घडतं. धुकं पडतं. धुक्यातून मासेमारीच्या होड्या निघतात. मग इंजिन बंद. तेवढ्यात स्टिअरिंग जातं. एवढं सगळं माझ्या आख्ख्या नोकरीत एका रात्री झालेलं नाही. शिवाय पायाखालची जमीन घट्ट आणि समोरच्या पडद्यावरचा समुद्र डोलतोय. वादळात पोटभर जेवणारा मी तिथे भिंत धरून उभा होतो.

विश्रांतीचेही नियम याच करारात आहेत. कुठल्याही चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात किमान सत्त्याहत्तर. फार चांगले नियम आहेत. फक्त ते जहाजावर लागू होतात, आणि कोर्स असतात रजेत. घरच्यांना वाटतं मी रजेवर आलोय. रजेवर माझी फाइल आलेली असते, मी तिच्यासोबत असतो.

शेवटी ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा. टेबलावर छोटी छोटी जहाजं, पलीकडे आयुष्यभर समुद्र बघून आलेले परीक्षक.

“उजवीकडून जहाज येतंय?”

“मी वाट द्यायची, सर.”

“डावीकडून?”

“त्यानं द्यायची. मी वेग आणि दिशा कायम ठेवतो.”

“तो देत नाही.”

“पाच आखूड भोंगे. कमीत कमी.”

“त्याला ऐकू येत नाही.”

“नियम सतरा. टक्कर टळेल असं जे काही करता येईल ते करायचं.”

“केलंत. टक्कर झाली.” त्यांनी दोन्ही जहाजं एकमेकांवर टेकवली, अगदी हलक्या हातानं. “आता?”

इथे एक सांगायला हवं. इतकी वर्षं ज्युनिअर म्हणून ओरल देताना माझ्याकडे एक हुकमी उत्तर होतं. धुकं आलं, कॅप्टनला बोलावतो. वाहतूक वाढली, कॅप्टनला बोलावतो. शंका आली, कॅप्टनला बोलावतो. हे उत्तर पळवाटही नव्हे. शंका येताच मास्टरला बोलवावं, असं नियमच सांगतो आणि परीक्षकही मान डोलावतात. आताही तेच वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि लक्षात आलं, की या टेबलावर कॅप्टन मीच आहे. मला बोलावून झालेलं आहे. मी आलेलो आहे, आणि मलाही काही सुचत नाहीये.

मग सुचलं. जनरल अलार्म, माणसं मोजणं, टाक्यांची मोजमापं, रेडिओवर संदेश, समोरच्या जहाजाला मदत लागते का ते विचारणं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली.

मास्टरचं तिकीट हातात पडल्यावर मी कंपनीला फोन लावला. तिकडे अभिनंदन झालं, तोंडभर झालं. मग प्रश्न आला, “कॅप्टन म्हणून अनुभव किती?”

“अहो, तिकीट कालच मिळालंय.”

“तीच अडचण आहे. आम्ही जहाज अनुभवी कॅप्टनच्याच ताब्यात देतो. सध्या चीफ ऑफिसर म्हणून जा, पुढचं बघू. आणि हो, तुमचं मेडिकल या महिन्यात संपतंय.”

“बरं.”

“जहाज नवीन आहे, पण काळजी करू नका. काही शंका आली तर कॅप्टनला बोलवा.”