पंचावन्नांचे छत्तीस

कट्ट्यावर कुणीतरी मोबाइलवर टीव्हीला जोडायच्या अटारी या गेम-यंत्रावरच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा, म्हणजे रांगांनी उतरणाऱ्या परग्रही शत्रूंना टिपायच्या खेळाचा, व्हिडिओ लावला आणि तो अर्धाही न पाहता पक्याने निकाल दिला, की ही मूळ खेळाची विटंबना आहे. “तैतो या जपानी कंपनीच्या १९७८ च्या, नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर अकरा-अकरांच्या पाच रांगा, म्हणजे ५५ शत्रू होते. इथे सहा-सहांच्या सहा रांगा आहेत, आडोसेही चाराचे तीन केले आहेत. मूळ खेळाशी याचा छत्तीसचाच आकडा!” एवढे बोलून तो टाळीसाठी हात पुढे करून बसला. ती कुणी दिली नाही.

नंदू आयुष्यभर छोट्या चिप्सचे प्रोग्रॅम लिहीत आला आहे. त्याने शांतपणे विचारले, “त्या अटारीच्या डब्यात मेमरी किती होती, हे तुला ठाऊक आहे का? १२८ बाइट. तुझे नाव, पत्ता आणि तुझ्या तक्रारी लिहिल्या तरी ती भरून जाईल.” पुढे त्याने जे सांगितले ते मला मनापासून पटले. १९७७ चे ते यंत्र दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू एवढ्याच हिशेबाने बांधलेले होते. पडद्याचे चित्र साठवायला त्यात जागा नव्हती, त्यामुळे टीव्हीचा किरण ओळ रेखाटत असतानाच त्या ओळीत काय दिसायचे हे प्रोसेसरला सांगत राहावे लागे. खेळाडूच्या प्रत्येक आकृतीच्या शेजारी-शेजारी फार तर तीन प्रती निघत, आणि दोन आकृत्यांच्या मिळून सहा. शत्रू याच प्रतींनी रेखाटलेले आहेत; रांगेत सहाच शत्रू का, याचे उत्तर तिथे आहे.

“आणि वेग?” पक्या अडून बसला. “शत्रू कमी झाले की उरलेले अंगावर धावून येतात, तीच तर खरी गंमत होती.”

“तैतोच्या यंत्रात ती आपोआप आली,” नंदू म्हणाला. “तिथे एका वेळी एकच शत्रू सरकत असे, म्हणून संख्या घटली की उरलेल्यांची पाळी लवकर येई, आणि मूळ खेळाचे जनक निशिकादो यांनी ते तसेच ठेवले. अटारीत मात्र सगळा थवा एकत्र सरकतो. तिथे वेग आपोआप वाढणार नव्हता, तो अटारीसाठी हा खेळ लिहिणाऱ्या रिक मॉररला मुद्दाम घडवावा लागला. तू ज्याला नक्कल म्हणतोस, त्यात मूळचा जीव हाताने ओतलेला आहे.”

मॉररचे नाव खोक्यावर छापलेले नव्हते, ही गोष्ट मला आजही खटकते. १९८० मध्ये या एका कॅसेटपायी लोकांनी यंत्रे विकत घेतली, अटारीची विक्री चौपट झाली. नाव आणि योग्य मोबदला मिळत नाही म्हणूनच त्याच्या आदल्या वर्षी चार प्रोग्रॅमर अटारी सोडून गेले होते आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही खेळ बनवणारी कंपनी उभी केली होती.

“विकले गेले म्हणजे चांगलेच असते का?” पक्याने विचारले. प्रश्न रास्त होता, पण नंदूला आयतीच संधी मिळाली. “शाळेत असताना ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट ज्याने हट्टाने विकत घ्यायला लावली, त्याने गळालेल्या १९ शत्रूंचा हिशेब मागू नये. मोजून पाहिले होते आपण, तेच चार खेळ फिरून-फिरून येत होते!”

“ती कॅसेट तूच नेलीस, अजून परत केलेली नाहीस,” पक्या ओरडला, आणि त्यानंतर हसण्याच्या गदारोळात कुणाला काही ऐकूच येईना.