ती सल्फाची गोळी बंद करू नका

माझा भाचा सहा वर्षांचा आहे. त्याला रक्ताचा कर्करोग आहे, एएलएल. केमो चालू आहे. परवा फोनवर वहिनी सहज म्हणाली, "ती आठवड्यातून तीन दिवसांची सल्फाची गोळी मी बंद केलीय. अँटिबायोटिकमुळेच फुप्फुसात बुरशी होते म्हणे." दोन आठवडे गोळी बंद होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. असं सांगणारा मेसेज मलाही आला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं, ते आता बोलते.

मेसेज म्हणतो: प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांच्या फुप्फुसात बुरशी होते ती अँटिबायोटिकमुळे, तेव्हा त्या गोळ्या थांबवा. साखर तोडा, म्हणजे बुरशी उपाशी मरेल. दिवसातून दोनदा वाफ द्या. खोकला नसेल तर बुरशी नाहीच. आणि आजार लागट आहे, भावंडांना लांब ठेवा.

आधी गोळीचं. तिचं नाव को-ट्रायमॉक्साझोल. केमो चालू असलेल्या मुलांना ती देतात तीच मुळी न्यूमोसिस्टिसपासून फुप्फुसं वाचवायला, आणि न्यूमोसिस्टिस ही बुरशी आहे! पूर्वी तिला एकपेशीय परजीवी समजत. ती बुरशी असल्याचं १९८८ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. बुरशीवरची नेहमीची बरीच औषधं एर्गोस्टेरॉल या घटकावर घाव घालतात. न्यूमोसिस्टिसमध्ये तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे ती औषधं तिथं कुचकामी ठरतात. सल्फाचं औषध मात्र तिला जगायला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व तयारच होऊ देत नाही. म्हणजे बुरशीच्या भीतीनं वहिनीनं बंद केलं ते बुरशी अडवणारं औषध.

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात विल्यम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी १६० रुग्णांवर चाचणी केली. ती १९७७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. ८० जणांना हे औषध दिलं, ८० जणांना औषधासारखी दिसणारी नुसती गोळी. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी १७ जणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला. औषध घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. रोजच्या ऐवजी आठवड्यातून तीन दिवस दिलं तरी पुरतं, हे त्याच ह्यूज यांनी दहा वर्षांनी दाखवलं. वहिनीच्या डब्यातल्या त्या तीन दिवसांमागे एवढं काम आहे. हे वाचल्यावर पुन्हा कुणी मला 'थोडे दिवस बंद करून बघू' म्हणू नये.

आता, अँटिबायोटिकनं तोंडात पांढरा चट्टा येऊ शकतो, म्हणजे कँडिडा ही बुरशी वाढू शकते, हे खरं आहे. या गोळीनं कुणाला पुरळ येतं, कुणाचे काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, घसरतात, हेही खरं. पण अशा वेळी डॉक्टर पेंटामिडिन, अ‍ॅटोव्हाक्वोन असं दुसरं औषध देतात. मुलाला उघडं सोडत नाहीत.

दुसरा घातक मुद्दा खोकल्याचा. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे सूक्ष्म कण आपण सगळेच रोज श्वासाबरोबर आत घेतो. फुप्फुसातल्या भक्षक पेशी आणि रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांचा निकाल लावतात. केमोनं न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की ती राखण उठते. आणि याच पेशी जळजळ, कफ, खोकला घडवून आणण्यातही असतात. त्याच नाहीत तर लक्षणं दिसणार कशी? कित्येकदा नुसता ताप असतो. म्हणूनच काउंट पडलेल्या मुलाचा ताप जोरदार अँटिबायोटिक देऊनही चार दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन करून बुरशी शोधायला लागतात. खोकल्याची वाट बघत घरी बसायचं नसतं. ताप आला की त्याच क्षणी निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

साखरेचं काय? स्टेरॉइडमुळे मुलाची रक्तातली साखर फार चढली तर म्युकर या बुरशीचा धोका वाढतो, एवढं मान्य. पण साखर आटोक्यात ठेवायची ती तपासून, औषधानं. केमोत आधीच जेवण जात नसलेल्या मुलाचं ताट रिकामं करून बुरशी मरत नाही, मूल खंगतं.

वाफेनं फुप्फुसातली बुरशी मरत नाही, गरम पाणी सांडून मुलं भाजतात मात्र. आणि अ‍ॅस्परजिलस माणसाकडून माणसाला लागत नाही. तो येतो बांधकामाच्या धुळीतून, ओल धरलेल्या भिंतीतून, कुजलेल्या पानांतून, कुंडीतल्या मातीतून. त्यापासून मुलाला लांब ठेवा. सर्दी-ताप नसलेल्या बहिणीला कशाला दूर करता?

वहिनीनं त्याच संध्याकाळी वॉर्डात फोन करून गोळी चुकल्याचं सांगितलं. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. श्वास कसा चाललाय, ताप आहे का विचारलं, दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. ज्या काकांनी मेसेज पाठवला त्यांना मी हे सगळं पाठवलंय. ज्या ज्या ग्रुपवर त्यांनी तो टाकला, तिथं तिथं हेही त्यांनीच टाकायचं आहे.