मातीसचे ते 'दहा सेकंद'

'आठ रेघा, दहा सेकंद, किंमत कोटींत' वालं फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या जळगावच्या फॅमिली ग्रुपवर पण आलं. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसनं काढलेला बाईचा चेहरा, आणि खाली लिहिलंय की हा माणूस वकिलीतला, चित्रकला शिकलाच नाही, म्हातारपणी हात थरथरायचा म्हणून साध्या रेघा मारायचा, बाया सगळ्या सारख्याच, तर पोरांच्या ड्रॉइंग क्लासवर पैसे घालवू नका. भाची ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतेय, ती विचारते, मामा, मग शेडिंग कशाला शिकायची? नाहीतर असल्या फॉरवर्डला कोण उत्तर देत बसतं भो.

वकिलीचं अर्धं खरंय, मान्य. कायदा शिकला, वकिलाकडे कारकुनी पण केली. अपेंडिक्सच्या दुखण्यात पडून होता तेव्हा आईनं रंग आणून दिले आणि तिथून गाडी रूळ बदलून गेली. पण पुढे पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह मोरो या चित्रकाराच्या हाताखाली शिकला, लूव्हर म्युझियममध्ये जुन्या लोकांच्या चित्रांच्या नकला करत बसायचा, हे कोण सांगणार?

आता ते दहा सेकंद. मातीसनं १९३९ मध्ये स्वतःच्या ड्रॉइंगवर एक टिपण लिहिलंय, त्यात सरळ सांगितलंय की नुसत्या रेषेच्या चित्राआधी तो कोळशानं अभ्यासचित्रं करायचा. का, तर मॉडेलचा स्वभाव, चेहऱ्यावरचा भाव, आजूबाजूचा उजेड सगळं आधी पचवायचं. कोळसा चोळायचा, पुसायचा, परत काढायचं. हे सगळं हातात मुरलं की मग पेन. आणि ही रेषाचित्रं म्हणजे कच्चं स्केच नव्हे असंही त्यानंच लिहून ठेवलंय. १९४३ च्या 'थीम्स अँड व्हेरिएशन्स' पुस्तकात तर पद्धतच दिसते, आधी कोळशाचं एक चित्र आणि मागोमाग त्याच विषयाची रेषाचित्रांची रांग, सगळी मिळून दीडशेच्या वर. आपल्याकडे खापरावरचा मांडा हातावर फिरवून टाकायला कितीसा वेळ लागतो, पण तो फाटू न देता टाकायला शिकायला किती वर्षं लागली ते घरातल्या बायांना विचारा ना. म्हणजे भाचीबाई, शेडिंग त्या रेघेच्या आतच आहे, दिसत नाही एवढंच, प्रॅक्टिसला बस.

हात थरथरायचा म्हणे! १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर बराच काळ पलंग आणि व्हीलचेअर, हे खरं. पण वरच्या पुस्तकातली चित्रं त्यानंतरचीच आहेत. आणि वयाच्या ऐंशीच्या आसपास फ्रान्समधल्या व्हान्स गावच्या चॅपलसाठी लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून माणसापेक्षा मोठ्या आकृत्या काढत होता. करून बघा घरी.

बाया सारख्या? मातीसची रुमानियन ब्लाउजवाली चित्रं नुसती गुगल करा, बाहीवरच्या भरतकामाशी रेघ कशी खेळते ते दिसेल. फॉरवर्ड करणाऱ्यानं एकच चित्र पाहिलंय, हा माझा अंदाज.

राहिली कोटींची किंमत. मातीस १९५४ लाच गेला, आजचे आकडे लिलाववाल्यांना विचारा.