टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध? तसं नाही

‘टँकरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवा, आकडा ३००च्या आत आला तर पाण्यात कसलंही घातक रसायन नाही’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चूक आहे.

हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज देतं. कोणता क्षार, हे त्याला कळत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती दहापट ओलांडली तरी मीटरवरचा आकडा जागचा हलणार नाही.

बोअरच्या पाण्यात नायट्रेटची शंका असेल तर ते तपासायची पट्टी आणा. बुडवा, डबीवर दिलाय तेवढा वेळ थांबा आणि चढलेला गुलाबी रंग खिडकीच्या उजेडात डबीवरच्या रंगांशी ताडून बघा. पण आधी डबीवर ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ (म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजलेला), हे नीट वाचा. पहिल्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, दुसऱ्याची साधारण १०. नायट्रोजनच्या पट्टीवर ३० आलं आणि तुम्ही ते ४५शी ताडलंत, तर तिप्पट नायट्रेटचं पाणी चांगलं वाटेल.

रंग मर्यादेजवळ दिसला तर नमुना प्रयोगशाळेत द्या. तोवर तान्ह्या बाळाची दूधपावडर त्या पाण्यात कालवू नका. उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं.