लोडॅश लावायला एक ओळ पुरत नाही

नागपुरात वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फॉरवर्ड होतो: "लोडॅशची सीडीएन लिंक हेडमध्ये टाका, एसिंक लावा, झालं. डिबाउन्समुळे सर्च आपोआप हलका होतो. आणि ती फाइल तर सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये आधीच असते." लोडॅश म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या तयार फंक्शनांचा संच, सीडीएन म्हणजे अशा फाइली पुरवणारं सर्व्हरांचं जाळं, आणि डिबाउन्स म्हणजे टायपिंग थांबून ठरावीक वेळ गेल्यावर एकदाच फंक्शन चालवणं. सल्ल्यातली लिंक तेवढी ठीक आहे.

एसिंक लावलेली स्क्रिप्ट उतरली की लगेच चालते, क्रम पाळत नाही. तुमच्या ॲपची फाइल 4 केबीची, लोडॅश जीझिपने आकुंचित करूनही 25 केबीच्या आसपास. नेट ढिलं असलं की ॲप आधी धावतं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 'अंडरस्कोर इज नॉट डिफाइन्ड' ही चूक येते (कोडमध्ये लोडॅशचं नाव अंडरस्कोर, म्हणजे _). स्वतःच्या लॅपटॉपवर बहुधा दिसत नाही, कारण तिथे लोडॅश कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवलेल्या प्रतीतून येतं. दोन्ही टॅगना डिफर लावा, लोडॅश वर, ॲप खाली; डिफरच्या स्क्रिप्ट लिहिलेल्या क्रमानेच चालतात. पानातच लिहिलेल्या स्क्रिप्टला मात्र डिफर लागू होत नाही. तो कोड ॲपच्या फाइलमध्येच हलवा.

'आपोआप' हा शब्द सगळ्यात घातक. मेट्रो स्थानक शोधायचा रकाना घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'सीताबर्डी' टाइप करताना 9 की दाबल्या जातात (स, ी, त, ा, ब, र, ्, ड, ी), म्हणजे 9 इनपुट इव्हेंट. 300 मिलिसेकंदांचा डिबाउन्स इव्हेंट हँडलरच्या आत बनवलात, तर दर कीला नवं फंक्शन, त्याचा टायमर वेगळा. आधीच्याला रद्द कोण करणार? सर्व्हरवर 9 च्या 9 रिक्वेस्ट जातात, फक्त उशिरा. डिबाउन्स हँडलरच्या बाहेर एकदाच बनवा आणि तेच फंक्शन हँडलर म्हणून द्या. रिॲक्ट या लायब्ररीत कंपोनंटच्या फंक्शनच्या अंगात डिबाउन्स उघडा ठेवला तरी दर रेंडरला, म्हणजे कंपोनंट नव्याने काढला जाताना, हेच होतं. तिथे तेच फंक्शन जपून ठेवणारा यूजमेमो लागतो.

फाइल सगळ्यांकडे आधीच असते, हा सामायिक कॅशचा मुद्दा कधीच शिळा झाला. सफारीने 2013 पासून, क्रोमने 2020 मध्ये आणि फायरफॉक्सने 2021 मध्ये कॅश साइटनुसार वेगळी केली. दुसऱ्या साइटने उतरवलेलं लोडॅश तुमच्या कामाचं नाही. बंडलर (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) असेल तर 'लोडॅश/डिबाउन्स' एवढंच इम्पोर्ट करा, अख्खं पोतं कशाला?

सीडीएनच हवं असेल तर लिंकमध्ये 'लेटेस्ट' नको, 4.17.21 अशी पूर्ण आवृत्ती लिहा. 'लेटेस्ट'ला इंटेग्रिटी हॅश (फाइल बदललेली नाही हे तपासणारा ठसा) लावलात, तर फाइल बदलेल त्या दिवशी हॅश जुळणार नाही आणि ब्राउझर ती चालवणारच नाही.