खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी का नाही: एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. देवासमोर नंदी नसण्याचे कारण म्हणून दक्षयज्ञाची कथा देणे हा इतिहासाचा विपर्यास आहे, हा पहिला. आणि नंदी नाहीसा झाल्यावर कोणीतरी ही कथा मागाहून रचली असल्याने तिला लेखात स्थानच नको होते, हा दुसरा.

पहिला मला पूर्ण मान्य आहे. ‘सती नंदीवर बसून माहेरी गेली, म्हणून येथे नंदी नाही’ हे वाक्य मी स्वर्गमंडपाच्या 48 खांबांच्या वर्णनाला लागून, त्याच सुरात लिहिले, ही चूकच झाली.

दुसऱ्याशी मात्र मी सहमत नाही. मंदिरावरील यादव राजा सिंघणाच्या शके 1136 च्या शिलालेखात कोपेश्वराच्या पूजेसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे कोपलेल्या ईश्वराचे हे नाव तेव्हाही रूढ होते. नाव जुने म्हणून कथाही तितकीच जुनी ठरत नाही, हे मी जाणतो. परंतु ती केवळ नंदीपुरती नाही. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत: एक कोपेश्वर, आणि दुसरे धोपेश्वर, ज्याला भाविक सतीच्या देहत्यागाने संतापलेल्या शिवाची समजूत घालायला आलेला विष्णू मानतात. नंदी मात्र यडूरला आहे असे परंपरा सांगते. ते गावही कृष्णाकाठचेच, आता कर्नाटकात गेलेले, आणि तेथील मोठे दैवत आहे वीरभद्र! दक्षाचा यज्ञ उधळण्यासाठी शिवाने आपल्या जटेतून उत्पन्न केला तो हाच वीरभद्र. हरवलेल्या एका मूर्तीची सारवासारव करण्यासाठी रचलेली कथा गाभाऱ्यातील दोन लिंगे आणि नदीकाठची दोन देवस्थाने अशी एका सूत्रात ओवील, हे मला पटत नाही. ज्यांनी ती सांगितली, त्यांच्या मनात दक्षयज्ञाची भूमी हाच परिसर होता, आणि मंदिर समजून घेताना ही श्रद्धा मला शिल्पांइतकीच मोलाची वाटते.

लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे. ते आता असे आहे: ‘कोपेश्वरासमोर नंदी नाही, सती त्याच्यावर बसून पित्याच्या यज्ञाला गेली आणि तो यडूरला राहिला, अशी येथील श्रद्धा आहे.’