जिम्नीला दोन इंच लिफ्ट जास्तच होते

एका लेखात मारुतीच्या जिम्नी या छोट्या फोर-बाय-फोरला दोन इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) आणि 235/75 आर15 मापाचे मोठे टायर सुचवलेत. इंदुरात रोज विजयनगर ते राजवाडा आणि सुट्टीला चोरल-जानापाव, एवढ्यासाठी हे नको. टायरचा व्यास 693 वरून 733 मिमी होतो, जवळपास 6 टक्के. त्यामुळे दीड लिटरचं इंजिन चढावर गुदमरतं. 215/75 आर15 ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्चा, दोन्हीसाठीचे) टायर घ्या, ते लिफ्टशिवाय बसतात.

उचलायचीच असेल तर 30-40 मिमी, तीही स्प्रिंग आणि जुळते शॉक अ‍ॅब्झॉर्बर दोन्ही बदलून. स्प्रिंग तीच ठेवून नुसत्या स्पेसरने (स्प्रिंगला लावायची जाड चकती) मूळ शॉक लवकर पूर्ण ताणला जातो, खड्ड्यात ठक्‌ वाजतं. उचलल्यावर पुढचा कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन बायपासवर स्टीअरिंग भरकटतं, म्हणून तो कोन परत आणणारे कॅस्टर बुश त्याच वेळी बसवा. अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही मग अ‍ॅक्सल एका बाजूला ओढतो. दोन्हीकडे टायर ते फेंडर अंतर टेपने मोजा. चाकं लटकती ठेवून ब्रेक होज (ब्रेकच्या रबरी नळ्या) ताणले जातायत का, तेही पाहा.

पावसात आपली काळी माती कुठल्याही टायरच्या खाचा बुजवते. तिथे हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवणं जास्त कामाचं, डांबरावर येताच परत भरायची. आणि स्टेपनी त्याच मापाची घ्या.